मद्यपी सारथ्याचे हक्क

'दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला हक्क कसले?' हा प्रश्न आज आपल्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणे विचारला जातो की, तो प्रश्न नसून निकालच आहे हे विचारणाराच्याही ध्यानात येत नाही. अपघाताची बातमी वाचली, मृतांची छायाचित्रे पाहिली, की संताप अनावर होतो. आणि तो व्हावा हे योग्यच आहे. परंतु त्या संतापाच्या भरात 'पकडला तो दोषी' आणि 'दोषी तो हक्कहीन' अशा दोन उड्या आपण एका दमात मारून मोकळे होतो. ह्या दोन्ही उड्या चुकीच्या आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांच्यामुळे आपले रस्ते अधिक निर्धास्त न होता अधिक धोक्याचे होतात, असे आमचे मत आहे. आणि ते लोकांस रुचणारे नसले तरी सकारण मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही मद्याचे वकीलपत्र घेतलेले नाही. पिऊन चाकामागे बसणारा मनुष्य स्वतःच्या जिवाशी खेळतो एवढेच असते, तर ते त्याचे त्याच्यापाशी राहिले असते. पण तो परक्याच्या मुलांचे आयुष्य पणास लावतो, आणि तेही त्यांना न विचारता. म्हणून ह्या गुन्ह्यास शासन हवे, ते निश्चित हवे आणि ते लवकर हवे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. वाद आहे तो निराळाच. शासन देण्यापूर्वी हा मनुष्य खरोखर प्यालेला होता काय, आणि किती, हे ठरविण्याची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, ती पाळावयाची की 'दारुड्याचे लाड' म्हणून झुगारून द्यावयाची, हा तो वाद होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याची मूळ कसोटी ढोबळ होती. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल चढला असेल, तर गुन्हा. हा 'इतका' म्हणजे किती, ते डोळ्यांनी आणि नाकाने ठरावयाचे. जगात इतरत्र ह्या अंदाजपंचे न्यायाचा कंटाळा आधीच येऊ लागला होता. नॉर्वेने १९३६ सालीच रक्तातील मद्याचे प्रमाण आकड्याने बांधून दिले होते. आपल्याकडे १९८८ चा नवा कायदा आला, तो एकदम दुसऱ्या टोकास गेला. रक्तात मद्याचा लवलेश असला तरी गुन्हा, असे त्याने ठरविले. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने आजची मर्यादा आली. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले, म्हणजे कलम १८५ चा गुन्हा झाला. मादक औषधांच्या अंमलाखाली वाहन चालविणेही त्याच कलमात येते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकली. आता एकदा बसलेला शिक्का आयुष्यभर पुसत नाही.

शिक्षा अशी वजनदार झाली, हे आम्हांस मान्य आहे. पण शिक्षेचे वजन वाढले म्हणजे पुराव्याच्या तराजूचा काटाही तितकाच नेमका हवा, हे ओघानेच येते. नेमके तेथेच आपले दुर्लक्ष आहे.

ह्या विषयाचा विचार मुंबई-पुण्याच्या राजमार्गावर उभे राहून करण्याची रीत पडून गेली आहे. आम्ही तो धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे उभे राहून करू इच्छितो. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक वृत्तान्तात तगर म्हणून ज्याचा उल्लेख येतो, ज्याचा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे, तेच हे गाव. दोन हजार वर्षांपूर्वी जे चाकावर जगत होते, ते आजही चाकावरच जगते. फरक इतकाच की बैलगाडीच्या शेजारून आता उसाने लादलेली ट्रॉली, माणसांनी खच्चून भरलेली जीप आणि तिघांना घेऊन जाणारी मोटारसायकल धावते. पायी चालणारास वेगळी वाट नाही. चैत्र वद्यात गोरोबाकाकांच्या समाधीस येणारा वारकरी त्याच डांबराच्या कडेने रात्री चालत असतो. मद्यपी सारथ्याचे भय सर्वांत अधिक कोणास असेल, तर ते ह्या चालणारास. आणि खोट्या आरोपाचे भय सर्वांत अधिक कोणास असेल, तर ते ज्याचे लायसन हीच भाकरी आहे अशा त्या जीपवाल्यास. दोघेही एकाच गावचे, बहुधा एकाच आळीचे. त्यांच्यात वैर लावून देणारा कायदा आम्हांस नको आहे.

तेरचे नाव घेण्यास आणखीही एक कारण आहे. गोरा कुंभार चिखल तुडवीत असता हरिनामात इतके तल्लीन झाले की, रांगत आलेले पोटचे मूल पायाखाली आले तरी त्यांस कळले नाही, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? भक्तीच्या तंद्रीची आणि मद्याच्या धुंदीची बरोबरी करण्याचा अधर्म आम्ही करणार नाही. परंतु त्या कथेतील एक कठोर सत्य आपण हरिकथेच्या गोडीत विसरतो. मन कोठे गेले आहे हे पायास ठाऊक नसते, आणि पायाखालच्या मुलास तर ते मुळीच ठाऊक नसते. कथेत विठ्ठल धावला आणि मूल परत मिळाले; आमच्या रस्त्यावर ते मिळत नाही. भान हरपलेल्या पायास आवर घातला पाहिजे, हा झाला कायद्याचा एक अर्धा भाग.

दुसरा अर्धा भागही तेरच्याच परंपरेत सापडतो. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने त्यांस, ह्यांतील कच्चे मडके कोणते ते पाहा, असे सुचविले. आणि गोरोबांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले. नामदेव कच्चे ठरले, हे सर्वांस आठवते. पण परीक्षा कशी झाली, हे कोणी आठवीत नाही. थापटणे एकच होते आणि ते सर्वांच्या डोक्यावरून फिरले. ज्ञानदेवांस वेगळे आणि नामदेवांस वेगळे असे नव्हते. परीक्षा करणारा मनुष्य त्या धंद्यात मुरलेला होता. परीक्षा सर्वांच्या समक्ष झाली. आणि जो कच्चा ठरला, त्यास फोडून उकिरड्यावर टाकले नाही. त्यास पक्के होण्याचा मार्ग मोकळा राहिला. न्यायाची याहून सोपी व्याख्या आम्हांस सुचत नाही. एकच साधन, जाणता हात, उघड परीक्षा, आणि निकालानंतरही माणूस म्हणून शिल्लक राहण्याची सोय! आरोपीचे हक्क म्हणून जे म्हणतात, ते ह्याहून वेगळे काही नाही.

आता कायद्यातील थापटणे कसे आहे ते पाहू. कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अंमलदारास, वाहन चालविणारा प्यालेला असल्याचा रास्त संशय आला, तर त्याच्या श्वासाची चाचणी मागता येते. यंत्राने मद्य दाखविले, किंवा संशयिताने चाचणीच नाकारली, तर त्यास वॉरंटावाचून अटक करता येते. पोलीस ठाण्यावर त्यास पुन्हा श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळाली पाहिजे, असेही तेच कलम सांगते. कलम २०४ प्रमाणे नोंदणीकृत वैद्यकाकडून त्याच्या रक्ताचा नमुना घेववता येतो. स्त्री असेल आणि वैद्यक पुरुष असेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या समक्षच. आणि कलम २०२ मध्ये एक वाक्य आहे, ते प्रत्येक घराच्या भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहे. पोलिसाच्या देखत घडलेल्या ह्या गुन्ह्यासाठी अटक झालेल्या मनुष्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे. न झाल्यास त्यास कोठडीतून सोडले पाहिजे.

हे दोन तास काय आहेत? आमचे संतप्त मित्र म्हणतील, ही आरोपीस दिलेली पळवाट आहे. वस्तुतः ती तशी नाही, हे शरीरशास्त्रच सांगते. मद्य रक्तात स्थिर राहत नाही. यकृत ते सतत जाळीत असते, आणि सामान्य मनुष्याच्या रक्तातील प्रमाण ताशी सुमारे पंधरा मिलिग्रॅमने उतरत जाते. म्हणजे नाक्यावर ज्याच्या रक्तात पंचेचाळीस मिलिग्रॅम मद्य होते, तो एका तासाने तिसावर येतो आणि दोन तासांनी पंधरावर. पहिल्या क्षणी जो निःसंशय गुन्हेगार होता, तो तासाभरात आकड्याच्या हिशेबाने निर्दोष होऊन बसतो. उलटपक्षी, ज्याने गाडीत बसण्याच्या जरा आधी पेला रिता केला, त्याचे मद्य अजून पोटातून रक्तात चढतच असते. उशिरा घेतलेला नमुना त्याच्यावर वाजवीपेक्षा अधिक ठपका ठेवतो. उशीर हा दोघांचाही शत्रू आहे. अपराध्यास तो सोडवितो आणि कमी दोषी असलेल्यास तो अडकवितो. तेव्हा दोन तासांचा हा नियम जितका आरोपीचा आहे, तितकाच तो रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या वारकऱ्याचाही आहे. आता विचार करा की, तेरसारख्या गावाच्या शिवारात रात्री अकरा वाजता एखादा ट्रॅक्टर अडविला. जवळ यंत्र नाही, ठाणे दूर आणि वैद्यक त्याहून दूर. अशा वेळी कायद्याचे दोन तास कागदावर धावतात आणि गाडी खड्ड्यांतून. खेड्यातील मनुष्यास न्याय मिळावयाचा तर यंत्र आणि वैद्यक ही दोन्ही त्याच्या दोन तासांच्या टप्प्यात असली पाहिजेत, ही साधी गोष्ट आपण कधी मागत नाही. आपण फक्त दंड वाढवा म्हणून ओरडतो.

यंत्राविषयीही अंधश्रद्धा नको. ब्रेथ ॲनालायझर रक्त मोजीत नाही. तो श्वास मोजतो आणि ठराविक गुणोत्तराने रक्ताचा अंदाज बांधतो. नुकताच घेतलेला घोट, मद्यार्कयुक्त खोकल्याचे औषध किंवा गुळण्यांचे औषध तोंडात रेंगाळत असेल, तर आकडा फुगतो. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकावयास लावले म्हणजे तो खोटेपणा ओसरतो. यंत्राची वेळोवेळी तपासणी झाली नसेल, तर त्याचा आकडा आणि ज्योतिषाचा आकडा ह्यांत फारसे अंतर उरत नाही. रक्ताचेही तसेच. सुई टोचण्यापूर्वी कातडीवर स्पिरिट फासले, किंवा नळीत सोडियम फ्लोराइड घालावयाचे राहिले आणि रक्त आंबले, तर त्याच्या साक्षीचा भरवसा उरत नाही. ह्या गोष्टी विचारणे म्हणजे काथ्याकूट नव्हे. सोनाराने तराजू उचलला की आपण काटा पाहतोच ना?

काटा पाहण्याची ही सवय आपल्या न्यायालयांस फार पूर्वीपासून आहे. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत एका जीपने तिघांस धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ कोण, तर त्या वेळी मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी म्हणून काम पाहणारे अधिकारीच! तोंडास मद्याचा वास होता; पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेवर चालता येत होते, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंदविले. आपण घेतले ते मद्यार्कयुक्त टॉनिक होते, असे आरोपीचे म्हणणे. दारूबंदी कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी त्यांस सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. घेतलेला पदार्थ निषिद्ध मद्यच होता हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असे बहुमताने ठरले. हाच तो पेसिकाका खटला. मूलभूत हक्क हे केवळ व्यक्तीच्या लाभासाठी नसून समाजाच्या धोरणाचा भाग आहेत, म्हणून ते ज्याचे त्यास सोडूनही देता येत नाहीत, हा न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन ह्यांचा विचारही त्याच खटल्यातला. पुढे १९७१ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका मोटार-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मनुष्य मद्याच्या अंमलाखाली होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. रक्ताची किंवा लघवीची परीक्षा व्हावयास हवी होती. धडक बसलेला, घाबरलेला, डोक्यास मार लागलेला शुद्ध मनुष्यही अडखळतो आणि असंबद्ध बोलतो, हे कोणत्याही डॉक्टरास विचारून पाहावे.

येथे आमचे प्रतिपक्षी आपला हुकमी पत्ता टाकतील. ते म्हणतील, 'ह्याच बारकाव्यांवर श्रीमंतांचे वकील जगतात. गरीब मरतो आणि पैसेवाला सुटतो.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यामागचे दुःख खरे आहे. म्हणूनच त्याचे उत्तर प्रत्यक्ष घटनांनी दिले पाहिजे. २००२ च्या सप्टेंबरात वांद्रे येथे एका सुप्रसिद्ध नटाची गाडी बेकरीसमोर झोपलेल्या माणसांवर गेली. एकाचा जीव गेला. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने शिक्षा दिली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने आरोपीस निर्दोष सोडले. ज्या दुव्यांविषयी न्यायालयास शंका राहिली, त्यांत रक्ताच्या नमुन्याची हाताळणी हाही एक होता. २००६ च्या नोव्हेंबरात त्याच वांद्र्यातील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात जणांचा बळी गेला. तेथे चालकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे एकशे बारा मिलिग्रॅम मद्य असल्याचा पुरावा न्यायालयात टिकला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तीन वर्षांची शिक्षा कायम केली. ती शिक्षा सात जिवांस पुरेशी होती काय, हा निराळा प्रश्न. पण दोष सिद्ध झाला, आणि तो सिद्ध होण्यात नमुन्याचा वाटा होता. आणि २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात काय झाले? सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील महागड्या मोटारीने मोटारसायकलीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला, म्हणून देशभर संताप उसळला. परंतु त्याहून भयंकर गोष्ट नंतर पुढे आली. सरकारी रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलला गेला, असा आरोप पोलिसांनी ठेवला आणि डॉक्टरांस अटक झाली. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयाचा आहे, आम्ही तो करणार नाही. पण धडा स्पष्ट आहे. श्रीमंतास वाचविते ती काटेकोर रीत नव्हे. रीतीतील भोक त्यास वाचविते. नमुना केव्हा घेतला, कोणी घेतला, कोणासमक्ष बंद केला, कोणाच्या हातून प्रयोगशाळेत गेला, ह्याचा कागद पक्का असेल तर वकील कितीही महाग असो, त्याचे काही चालत नाही. कागद कच्चा असेल तर गरिबावर तो खोटा लादता येतो आणि श्रीमंतावरून तो सहज पुसता येतो. आरोपीचे हक्क आणि मृताच्या आप्तांचा न्याय ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

हे हक्क कोणते, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस नीट ठाऊक आहे? अटक का झाली हे सांगितले जाण्याचा हक्क. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क. हे तर संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहेत. घरच्या माणसास खबर दिली जाण्याचा आणि जामिनाचा हक्क सांगितला जाण्याचा हक्क, हे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. नुसता कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा जामीन ही मेहेरबानी नव्हे. कोठडीत असलेल्या माणसास, त्याचे उत्पन्न काहीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. 'किती प्यालास?' ह्या प्रश्नास उत्तर देण्याची सक्ती नाही, आणि पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. मात्र ह्याच्या जोडीस एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धे ज्ञान हे अज्ञानाहून घातक असते. बोलणे नाकारता येते, श्वास नाकारण्यात शहाणपण नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच ठरविले आहे. आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारणावाचून चाचणी नाकारली, तर तो नकारच सरकारी पुराव्यास बळकटी देणारी गोष्ट मानता येतो. लायसन जप्त झाले तर पोचपावती मागावी, आणि ते रद्द करण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकले जावे, हाही कायद्याचाच बोल आहे.

आणखी एक गोष्ट, जी जाणूनबुजून अंधारात ठेवली जाते. वेगमर्यादा ओलांडणे, हेल्मेट नसणे, अशा कित्येक अपराधांचा दंड जागच्या जागी भरून प्रकरण मिटविता येते. कलम १८५ तसे नाही. तडजोडीने मिटविता येणाऱ्या अपराधांच्या यादीत ते नाहीच. ते दंडाधिकाऱ्यापुढेच गेले पाहिजे. तेव्हा रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या अंधुक उजेडात, ह्या गुन्ह्यासाठी जी कोणतीही रक्कम हात बदलते, ती दंड नव्हे. तिला लाच हेच नाव आहे. २०१९ साली पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांच्या कमाल मर्यादेवरून दहा हजारांवर गेला. चाचणीची नोंद आपोआप होत नसेल, तर वाढलेला दंड सरकारी तिजोरीत न जाता अंधारातील भाव तेवढा चढवितो, हे समजण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

आता थोडे आमच्याच वर्गाविषयी. 'दारुड्यास हक्क कसले' म्हणणारे जे गृहस्थ, त्यांचाच पुतण्या लग्नाच्या वरातीनंतर अडविला गेला, की पहिला फोन कोणास जातो? वकिलास जात नाही. ओळखीच्या पुढाऱ्यास जातो. जीपवाल्याने कायद्याचे कलम सांगितले तर तो शिरजोर, आणि आपण साहेबांशी बोलणे करून दिले तर तो संबंधांचा उपयोग! आमच्या मध्यमवर्गास हक्क नको असतात, कारण त्यास सवलत हवी असते. आणि सवलत ही नेहमी दुसऱ्याच्या हक्कास मारूनच मिळते. ह्याच गृहस्थांस हेही ठाऊक नसते की, प्यालेल्या मित्राच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणारा कलम १८८ खाली साहाय्यक म्हणून त्याच शिक्षेस पात्र होऊ शकतो. की चालक प्यालेला होता ही गोष्ट विमा कंपनीस आता कायद्याने दिलेला बचाव आहे. की जीव गेला, तर न्यायसंहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत, आणि परिणामाची जाणीव असल्याचे सिद्ध झाल्यास कलम १०५ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढाऱ्याच्या फोनने ह्यांतले काही टळते असे ज्यांस वाटते, त्यांनी त्या फोनची किंमत कोण भरतो ते पाहावे. ती रस्त्याच्या कडेने चालणारा भरतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्या खर्चिकही नाहीत. प्रत्येक तपासणीत यंत्राने वेळेसह छापलेली चिठ्ठी निघावी आणि तिची एक प्रत जागच्या जागी आरोपीच्या हाती पडावी. यंत्राची शेवटची तपासणी केव्हा झाली, ते त्याच चिठ्ठीवर असावे. यंत्राचा आकडा ज्यास मान्य नाही, त्यास रक्तपरीक्षा मागण्याचा स्पष्ट हक्क कायद्यात लिहावा. आज रक्त मागण्याचा अधिकार पोलिसास आहे, आरोपीस तसा शब्दांत दिलेला नाही. इंग्लंडात आरोपीने मागितल्यास त्याच्याच रक्ताच्या नमुन्याचा एक भाग त्यास स्वतंत्र परीक्षेसाठी मिळतो. तीच सोय येथे झाली, तर नमुना बदलण्याचे धाडसही आपोआप थंडावेल. नमुन्याच्या प्रवासाचा कागद मृताच्या आप्तांसही पाहावयास मिळावा. आणि शहरातील एकतीस डिसेंबरच्या रात्रीपुरती असलेली दक्षता तेर, ढोकी, येडशी अशा गावांच्या वाटांवरही, विशेषतः यात्रेच्या आणि उसाच्या दिवसांत, दिसावी. ठाण्यापासून दोन तासांच्या आत गाठता येईल असा वैद्यक रात्रीही उपलब्ध असावा.

ह्यांत मद्यप्याचे लाड कोणते, ते आमच्या प्रतिपक्ष्यांनी दाखवून द्यावे. प्यालेला सुटू नये आणि न प्यालेला अडकू नये, ह्या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात. तो उपाय म्हणजे घड्याळ पाहून केलेली, साक्षीदारांसमक्ष झालेली आणि कागदावर उतरलेली परीक्षा. ज्यास ती नको आहे, त्यास न्याय नको असून केवळ संतापाची सोय हवी आहे, असे म्हणणे आम्हांस भाग पडते. संताप दोन दिवसांत निवतो आणि पुढारी त्याची वाट पाहत बसतात. नोंद मात्र निवत नाही. पुढच्या वेळी बातमी वाचून मुठी वळल्या, तर शिक्षा किती व्हावी हे विचारण्यापूर्वी वाचकांनी एवढेच विचारावे: गाडी किती वाजता अडविली, आणि रक्त किती वाजता घेतले?